मंडळी : हर्णैच्या शाळा आणि करजगावचा कवी

'स्मृतिचित्रे' वर्गात शिकवताना एक अडचण दरवेळी येते. पुस्तकाचा पूर्वार्ध विद्यार्थ्यांना आवडतो. सोवळ्याने पछाडलेले वडील, विक्षिप्त सासरे, घर सोडून नाहीसा होणारा नवरा, या साऱ्यावर लक्ष्मीबाईंचे ते निर्मळ हसू. टिळक ख्रिस्ती होतात तेथवर वर्ग श्वास रोखून ऐकतो. त्यानंतर नगर येते, राहुरी येते, उपासना, पाळक, मिशन, पोरकी मुले असे शब्द येऊ लागतात आणि वर्गाचे लक्ष हळूहळू ढळते. एका विद्यार्थिनीने एकदा सरळच विचारले, "सर, यात सारखी 'मंडळी' येते, ती नेमकी कोण?" तिला वाटले होते की घरची माणसे. प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना मला कोकणाच्या किनाऱ्यापर्यंत मागे जावे लागले. प्रस्तुत लेख हे त्या उत्तराचेच थोडे विस्तारलेले रूप आहे.

प्रॉटेस्टंट परंपरेतला मराठी ख्रिस्ती माणूस 'चर्च' या अर्थी 'मंडळी' म्हणतो. इमारतीला तो प्रार्थनामंदिर म्हणेल किंवा नुसते चर्च म्हणेल, पण तेथे जमणाऱ्या माणसांच्या समूहाला 'मंडळी' हाच शब्द. मराठी बायबलात 'एक्लेसिया' या ग्रीक शब्दासाठी हाच शब्द रूढ झालेला आहे. 'एक्लेसिया' म्हणजे बोलावून एकत्र आणलेल्या लोकांची सभा. हा मराठी शब्द निवडणाऱ्याच्या कानाला दाद द्यावी लागते. कारण मराठीत 'मंडळी' म्हणजे कीर्तनाला जमलेले श्रोते, पंढरीला निघालेले वारकरी, लग्नाला आलेले पाहुणे, घरातली माणसे. आणि जुन्या पुरुषी बोलीत 'आमची मंडळी' म्हणजे तर पत्नीच. या शब्दाला भिंती नाहीत. तो माणसांचाच शब्द आहे.

कॅथलिक मराठीत वेगळा संसार आहे. वसईकडचा कॅथलिक पॅरिशला 'धर्मग्राम' म्हणतो, बिशपच्या प्रदेशाला 'धर्मप्रांत' आणि व्यापक चर्चला 'ख्रिस्तसभा'. 'धर्मग्राम' या शब्दात गाव गृहीत आहे. गाव आधीच उभे असते, त्याच्या मध्यावर देऊळ असते आणि जन्मलेले प्रत्येक मूल त्या गावाचे असते. 'मंडळी'त मात्र गाव गृहीत नाही. माणसे कोठून तरी यावी लागतात आणि एकत्र बसावी लागतात. त्यांचे एकत्र बसणे हेच मंडळीचे अस्तित्व. हे दोन शब्द दोन वेगळ्या इतिहासांतून आलेले आहेत आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर हे दोन्ही इतिहास जवळजवळ नांदले आहेत.

पैकी जुना इतिहास पोर्तुगीजांबरोबरचा. 'पाद्री', 'नाताळ', 'इगर्ज' हे आपल्या किनाऱ्यावर रुळलेले शब्द त्यातलेच. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या पट्ट्यातली कॅथलिक वस्ती मुख्यत: गोव्याशी नाते सांगते. तिची घरची बोली कोकणी आणि तिचे धर्मग्राम खऱ्या अर्थाने गावेच. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत आज रत्नागिरी जिल्ह्यालाही कवेत घेतो. या परंपरेच्या आरंभीच एका परकीयाने प्रार्थनेच्या भाषेचा प्रश्न सोडवला होता, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले, ते ओवीत. पुराण ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला नवा धर्म पुराण म्हणूनच ऐकवावा, हे त्यांना कळले होते. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्धच फर्मान काढले, आणि ती वाट बराच काळ बुजली.

दुसरा इतिहास स्कॉटलंडहून आला आणि तो थेट दापोली परिसरात उतरला. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले माणूस, डोनाल्ड मिचेल, मुंबईला आले. पूर्वी ते कंपनीच्या सैन्यात होते. या मंडळींचा डोळा पुण्यावर होता. पण पेशवाई जाऊन पाचच वर्षे झाली होती आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या सरकारला पुण्याच्या ब्राह्मणवर्गाला डिवचायचे नव्हते. म्हणून त्यांना दक्षिण कोकणात जाऊ दिले गेले. सावित्रीच्या मुखावरचे बाणकोट इंग्रजांकडे १७५६ पासून होते. तेथे, आणि मग हर्णैला, मिशनचे ठाणे पडले. डोनाल्ड मिचेल त्याच वर्षी वारले. त्यांच्या मागून आलेले जेम्स मिचेल, कूपर, क्रॉफर्ड आणि स्टीव्हन्सन यांनी काम पुढे चालवले. म्हणजे मराठी मुलखातल्या स्कॉटिश मिशनचा पाया कोकणात घातला गेला, तो कोकणाच्या ओढीने नव्हे. सरकारने पुण्याचे दार लावून घेतले म्हणून.

या लोकांनी काढल्या त्या शाळा. बाणकोट, हर्णै आणि आसपासच्या खेड्यांतून त्यांच्या मराठी शाळा भराभर उभ्या राहिल्या. शिकवायला ख्रिस्ती शिक्षक कोठून आणायचे? तेव्हा जुने पंतोजीच नेमले गेले. शेंडी राखलेला ब्राह्मण पंतोजी मुलांकडून ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली पाठ करून घेतो आहे, मुलेही ती परवच्याच्या चालीवर घोकत आहेत, असे ते दृश्य असणार. दोन्ही पक्षांना त्यात काही वावगे वाटले नाही. पंतोजीला पगार हवा होता, पालकांना अक्षरओळख हवी होती आणि पाद्र्याला श्रोते हवे होते. शाळा भरल्या. मंडळी मात्र भरली नाही. बाप्तिस्मा घेणारे फारच थोडे निघाले, आणि १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्याचे दार किलकिले होताच, कामाचे केंद्र तिकडे सरकले.

मिशनच्या हिशोबाने पाहिले तर हर्णै हे अपयशच. पण भाषेच्या हिशोबाने पाहिले तर चित्र पालटते. १८२७ मध्ये आलेले रॉबर्ट नेस्बिट याच किनाऱ्यावर मराठी शिकले. पडद्याआडून बोलले तर माणूस परका आहे हे ओळखू येत नसे, अशी त्यांची ख्याती होती. १८२९ मध्ये जॉन विल्सन आणि त्यांची पत्नी मार्गारेट हर्णैलाच येऊन राहिले, भाषा शिकण्यासाठी. त्याच वर्षी ती दोघे मुंबईला गेली. मार्गारेट यांनी तेथे मुलींच्या शाळा काढल्या आणि विल्सन यांचे नाव आज गिरगाव चौपाटीवरच्या कॉलेजावर आहे. स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि वेदसंहितांच्या भाषांतराकडे वळलेल्या पहिल्या युरोपियनांपैकी ते एक ठरले. कोकणाने या लोकांकडून धर्म घेतला नाही. उलट त्यांना मराठी देऊन मुंबई-पुण्याला पाठवले. (कोकणी माणसाचा हा व्यवहारीपणा आपल्या साहित्यात भरपूर रंगवला गेला आहे, त्याचे हे एक दुर्लक्षित उदाहरण.)

हा क्रम पुढेही चालू राहिला. दापोली ही इंग्रजांची लष्करी छावणी, म्हणून तिला लोक 'कॅम्प दापोली' म्हणत. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस.पी.जी. या अँग्लिकन संस्थेचे हायस्कूल चालू झाले, तेच पुढे आल्फ्रेड गॅडने यांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. त्या मिशन शाळेत कोण शिकले? 'धर्मशास्त्राचा इतिहास' लिहिणारे आणि १९६३ मध्ये भारतरत्न झालेले पांडुरंग वामन काणे. पालगडचे साने गुरुजी. हिंदू धर्मशास्त्राचा सर्वांत मोठा आधुनिक इतिहासकार आणि 'श्यामची आई' सांगणारा लेखक, दोघेही पाद्र्यांच्या शाळेत घडले आणि दोघांपैकी कोणीही त्या शाळेमागच्या मंडळीत गेला नाही. खुद्द रत्नागिरी शहरात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने १८७३ मध्ये ठाणे केले. त्यांचे कोल्हापूरचे काम १८५२ पासून चालू होते.

असे का झाले? एक उत्तर सरळ आहे. नगर जिल्ह्यात खेड्यांतली महार-मांग कुटुंबे गटागटाने ख्रिस्ती झाली. भाऊबंद, सोयरे, वस्ती हे सारे बरोबर आले, त्यामुळे मंडळीला आयते अंग मिळाले. कोकणात बाप्तिस्मा घेतला तर तो एकेकट्याने. एकटा माणूस मंडळी होऊ शकत नाही. त्यात खोताच्या गावात राहून वाळीत पडणे म्हणजे विहीर, वाट आणि शेत तिन्हींना मुकणे. तेव्हा तो मुंबईला जाणार हे ठरलेलेच. पोटासाठी तसेही अर्धे गाव मुंबईतच होते. पण एवढे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. दुसरे कारण उपासनेतच होते, आणि ते समजायला एक वेगळा खटला पाहावा लागतो.

हर्णैच्या किनाऱ्यावर मराठी शिकलेल्या नेस्बिट यांनीच १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या तरुण ब्राह्मणाला बाप्तिस्मा दिला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनमध्ये राहायला गेला होता. वडील न्यायालयात गेले आणि मूल अज्ञान असल्याने ते त्यांच्या हवाली झाले. आता त्याला पंक्तीत घ्यायचे की नाही, यावर मुंबईचा ब्राह्मणसमाज दुभंगला. श्रीपतला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून उभे राहिले ते बाळशास्त्री जांभेकर, तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यातील पोंभुर्ल्याचे. त्यासाठी त्यांना स्वजातीयांचा रोष पत्करावा लागला. या प्रकरणात श्रीपतच्या श्रद्धेविषयी फारसे कोणी बोललेच नाही. वाद होता तो कोणाच्या हातचे कोणी खावे याचा. धर्मांतर म्हणजे त्या काळी एका मंडळीतून उठून दुसरीत बसणे. आणि उठणे जितके कठीण होते तितकेच बसणेही. कारण दुसऱ्या मंडळीत बसायला बाक होता, गायला इंग्रजी चालीवर ओढूनताणून बसवलेले भाषांतरित स्तोत्र होते, आणि आजूबाजूला आपल्यासारखे दोनचारच. ज्याच्या कानात जन्मभर टाळमृदंग घुमला तो माणूस त्या सुरात विश्वास ठेवू शकेल, पण रमू शकेल का?

ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न चर्चच्या बाहेर झाला. १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने साप्ताहिक सामुदायिक उपासना ही ख्रिस्ती चौकट घेतली आणि तिच्यात तुकारामाचे अभंग बसवले. मालवणात जन्मलेले आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकर या समाजाचे एक आधारस्तंभ. रविवार ख्रिस्ती आणि अभंग वारकरी, हा मेळ जमू शकतो हे त्यांनी दाखवले. चर्चच्या आतही नगरला कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींवर पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तने केली. म्हणून पुढचे सारे श्रेय एकट्या टिळकांना देण्याची जी सवय आपल्याला लागली आहे ती मला मान्य नाही. पण टिळकांनी जे केले ते प्रमाणाने आणि प्रतीने इतके मोठे होते की त्यांच्यापासून नवा हिशोब सुरू होतो, हेही खरे.

नारायण वामन टिळक १८६१ मध्ये जन्मले ते करजगावला. करजगाव दापोली तालुक्यातले, म्हणजे ज्या हर्णैहून स्कॉटिश पाद्री मंडळी न जमवताच निघून गेले त्याच तालुक्यातले. योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह टाळला पाहिजे, कारण टिळकांची ख्रिस्ती होण्याची वाट हर्णैवरून गेली नाही. ती नागपूर-राजनांदगाव अशी गेली. १८९३ मधल्या एका आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तरी कोकणाचे एक देणे त्यांच्यात होते, आणि ते त्यांच्या कुळाचे व संस्कारांचे: कीर्तन, पुराण, पाठांतर, ओवी. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा आशयाचे त्यांचे उद्गार प्रसिद्धच आहेत. साहित्याचे अभ्यासक हे वाक्य प्रतिमा म्हणून उद्धृत करतात. मंडळीत बसणाऱ्याला मात्र ते अगदी शब्दश: खरे वाटते. दर रविवारी तो त्या पुलावरून चालत असतो.

बाप्तिस्म्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांचे काय झाले, नातलगांनी त्यांना पंढरपूरला कसे नेले, आणि पुढे नवऱ्याजवळ राहायला येऊनही त्यांनी आपली चूल आणि पाणी कसे वेगळे ठेवले, हे 'स्मृतिचित्रे'त आहे. १९०० मध्ये त्यांनी स्वत: बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे त्या कोठल्या मंडळीच्या होत्या? जुनी सुटलेली आणि नवी पटलेली नाही, अशी ती अवस्था. मला हा पुस्तकाचा गाभा वाटतो. जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हा विचार त्यांना ज्या क्षणी स्पष्ट झाला तो क्षण त्यांनी नोंदवला आहे. पण त्या क्षणापर्यंत त्या पोहोचल्या त्या धर्मग्रंथांच्या वादातून नव्हे, तर पाण्याच्या भांड्यातून आणि ताटातून. श्रीपत शेषाद्रीचा खटला जेथे अडला होता तेथेच. एक पोरगा आणि एक गृहिणी, दोघांच्याही बाबतीत प्रश्न पंक्तीचा. फरक इतकाच की श्रीपतचा निर्णय इतरांनी केला, लक्ष्मीबाईंनी आपला स्वत: केला आणि त्याला पाच वर्षे घेतली.

टिळकांची गीते या घराच्या शेजारी ठेवून वाचली पाहिजेत. नगरच्या, राहुरीच्या मंडळीत कोण बसत होते? दुष्काळात पोरकी झालेली मुले, महार-मांग कुटुंबे, मिशनचे शिक्षक, कोठे एखादा जात सोडून आलेला ब्राह्मण. या साऱ्यांना एका सुरात गाता येईल असे काहीतरी हवे होते. संस्कृत वृत्तांत लिहिले तर शास्त्री कौतुक करील, पण पोरांच्या ओठी ते बसणार नाही. इंग्रजी चालीवर लिहिले तर बाजाची पेटी हवी. अभंग मात्र सगळ्यांना येत होता. ज्यांना देवळात पाऊल टाकता येत नव्हते त्यांनाही. चोखोबाचा वारसा तर त्या बाकांवर आधीच बसलेला होता. मला वाटते, टिळकांच्या लक्षात आलेली सर्वांत मोठी गोष्ट ही. अभंग ही केवळ 'भारतीय' छटा नव्हती. त्या विशिष्ट माणसांना जोडणारा तो एकमेव सामाईक आवाज होता. 'उपासना संगीत' या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात आज टिळकांची दोनशेहून अधिक गीते आहेत. एका माणसाच्या शब्दांनी एका समाजाची प्रार्थना इतकी व्यापल्याचे दुसरे उदाहरण अर्वाचीन मराठीत मला तरी आठवत नाही.

आणि तरीही टिळकांना ती मंडळी पुरली नाही. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'चे मराठी संपादन पाहत होते. हे पत्र १८४२ मध्ये नगरला निघालेले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ज्यात ख्रिस्ताचे अनुयायी म्हणून येऊ शकतील असे ते मंडळ होते. मिशनच्या दृष्टीने ही धोक्याची गोष्ट. बाप्तिस्मा नसेल तर मंडळीची वेस कोठे आखायची? टिळकांचे म्हणणे असे दिसते की वेस आखायचीच कशाला. ज्या माणसाने 'मंडळी' या शब्दाला सूर दिला त्यालाच तो शब्द पुन्हा तिच्या जुन्या, बिनभिंतीच्या अर्थाकडे न्यावासा वाटला. दोनच वर्षांनी, ९ मे १९१९ रोजी, ते वारले. त्यांचा दरबार फार टिकला नाही. कल्पना मोठी होती, पण ती एकाच माणसाच्या ओढीवर उभी होती, आणि अशा कल्पनांना आयुष्य थोडे असते. त्यांच्या मागे 'ख्रिस्तायन' अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, आणि त्या १९३६ मध्ये गेल्यानंतर १९३८ मध्ये ते प्रकाशित झाले. ज्या बाईने पाच वर्षे पाणी वेगळे ठेवले तिनेच नवऱ्याचे ख्रिस्तचरित्र ओव्यांत पुढे नेले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात एका ओळीत उरकली जाते.

पुढचे थोडक्यात सांगण्यासारखे आहे. वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट परंपरा १९७० मध्ये नागपुरात उत्तर भारतीय चर्च म्हणून एकत्र आल्या. कॅथलिकांमध्ये १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर लॅटिनची जागा लोकभाषांनी घेतली, आणि मिस्सा मराठीत होऊ लागली. म्हणजे स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये जी वाट पाडली होती तिच्यावर त्यांचे स्वत:चे चर्च साडेतीन शतकांनी परतले. धर्मग्रामातही अभंगाच्या वळणाची भजने गायली जाऊ लागली, आणि 'मंडळी' व 'धर्मग्राम' यांच्यातले अंतर निदान गाण्यापुरते कमी झाले.

त्या विद्यार्थिनीला मी हे सगळे सांगितले नाही. तासाला तेवढा वेळ नसतो. तिला एवढेच म्हटले की लक्ष्मीबाई 'मंडळी' म्हणतात तेव्हा ती घरची की चर्चची हे दरवेळी ठरवू नकोस, कारण त्यांच्या घरात ते ठरत नसे. टिळक कोणाला जेवायला घेऊन येतील, आणि आलेला पाहुणा रात्रीपुरता आहे की वर्षभराचा, हे चूल पेटवतानाही त्यांना माहीत नसे. तिने मग विचारले की टिळक तर 'फुलांमुलांचे कवी', शाळेत पाखराची कविता होती त्यांची. ते चर्चसाठी कधी लिहीत होते? दुसऱ्या दिवशी मी तिला 'उपासना संगीत' आणून दाखवले. तिने पाने उलटली आणि गीतांच्या डोक्यावर बोट ठेवले. तेथे चाल दिलेली होती. आमच्या पाठ्यपुस्तकात कवितेवर फक्त कवीचे नाव असते.